जिल्ह्याची सरासरी आणि पाड्याचे अंतर

पुण्यात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. महाराष्ट्र हे देशातील सधन राज्यांपैकी एक असताना नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट येथील माणसांचे आरोग्य पुणे-मुंबईच्या मानाने इतके मागे का? याचे खरे कारण दारिद्र्य, अज्ञान की डॉक्टरांची कमतरता? आणि प्रबंधासाठी जिल्ह्यांची तुलना करायची तर कोणते आकडे घ्यावेत? मी पंचवीसहून अधिक वर्षे शासकीय आरोग्य सेवेत होतो. त्यांतील पहिली सात वर्षे सातपुड्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली आणि आता पुण्यात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे काम करतो. हे उत्तर त्या दोन्ही कामांच्या आधारे लिहीत आहे.

आधी देशाचे चित्र पाहू. नमुना नोंदणी पद्धतीच्या, म्हणजे एसआरएसच्या, २०२० च्या आकड्यांनुसार हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांची संख्या केरळात ६, महाराष्ट्रात १६, संपूर्ण देशात २८ आणि मध्य प्रदेशात ४३ होती. मातामृत्यूंच्या बाबतीत ही दरी आणखी रुंद आहे. २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे केरळात १९, महाराष्ट्रात ३३, देशात ९७ आणि आसामात १९५ माता दगावल्या. एकच देश, राष्ट्रीय कार्यक्रमही तेच, तरी आसामातील बाळंतिणीच्या जिवाला केरळातील बाळंतिणीपेक्षा दहापट धोका होता. केरळचे उदाहरण आपल्याकडे फार सहज दिले जाते, म्हणून हेही सांगितले पाहिजे की ते यश वीस-तीस वर्षांतले नाही. त्रावणकोर संस्थानाने १८७९ मध्येच सरकारी नोकर, कैदी आणि विद्यार्थी यांना देवीची लस सक्तीची केली होती. मुलींचे शिक्षण, जमीन सुधारणा आणि आरोग्य केंद्र बंद दिसले तर जाब विचारणारे गावकरी ही त्यानंतरच्या शंभर वर्षांची कमाई आहे.

महाराष्ट्राचा १६ हा आकडा समाधानकारक वाटतो आणि तेथेच फसगत होते. त्याच्या शेजारी कुपोषणाचा आकडा ठेवून पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, पाच वर्षांखालील ज्या मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात ३५.२ टक्के आणि देशात ३५.५ टक्के होते, म्हणजे जवळजवळ सारखेच. चौथ्या फेरीत महाराष्ट्राचे हेच प्रमाण ३४.४ टक्के होते. पाच वर्षांत ते घटले नाही. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या मुलांचे प्रमाण तर महाराष्ट्रात २५.६ टक्के आणि देशात १९.३ टक्के होते. नंदुरबार जिल्ह्यात पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची आढळली. ज्या राज्याने अर्भक मृत्यू देशाच्या सरासरीच्या खूप खाली आणले, त्याच राज्यातील मुलांची शरीरे देशाच्या सरासरीइतकीच खुरटलेली आहेत. बाळाचा मृत्यू दवाखाना, लस, प्रतिजैविक आणि वेळेवर मिळालेली गाडी यांनी टळू शकतो. बाळाची उंची मात्र त्याच्या आईच्या आईपर्यंत मागे जाते: मुलीचे लग्न कोणत्या वयात झाले, गरोदरपणात ती किती तास वाकून काम करत होती, तिच्या ताटात शेवटी काय उरत होते, पाणी कोठून येत होते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलोच्या आसपास. स्नायू आणि अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली, अशी ही बाळे पुढे मधुमेहाकडे झुकतात. त्यामुळे मागास भागातील कुपोषण आणि शहरातील मधुमेह हे दोन वेगळे विषय समजून प्रबंधात वेगवेगळ्या प्रकरणांत टाकू नयेत, अशी माझी विनंती आहे. तीच माणसे गाव सोडून शहरात येतात.

आता कारणांकडे वळतो. दारिद्र्य हे कारण आहेच. ते नाकारणारा माणूस मेळघाटात एक पावसाळाही राहिलेला नसेल. पण दारिद्र्यावर सगळा भार टाकला की आरोग्य यंत्रणेची स्वतःची रचना विषमता कशी वाढवते, हे झाकले जाते. ते मी एका साध्या गणिताने दाखवतो, कारण माझ्या उत्तरातील मुख्य मुद्दा तोच आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे ९४ लाख २९ हजार. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार. जमीन जवळजवळ तेवढीच, माणसे नवव्या हिश्श्याइतकी. दर चौरस किलोमीटरला पुण्यात ६०३ आणि गडचिरोलीत ७४. आरोग्य केंद्र कोठे द्यायचे हे आपण लोकसंख्येवर ठरवतो. मैदानी भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात सवलत म्हणून अनुक्रमे २०,००० आणि ३,०००. कागदावर ही सवलत उदार दिसते. आता हिशोब करा. पुण्याच्या घनतेने ३०,००० लोक सुमारे ५० चौरस किलोमीटरांत मावतात. केंद्र मधोमध असेल तर सर्वांत दूरचे घर सरळ रेषेत सुमारे ४ किलोमीटरवर येते. गडचिरोलीच्या घनतेने २०,००० लोकांना सुमारे २७० चौरस किलोमीटर लागतात आणि सर्वांत दूरचे घर सरळ रेषेत ९ किलोमीटरांपलीकडे जाते. सवलत देऊनही अंतर दुपटीहून अधिक. पुण्याच्या सरासरीत शहराची दाटी मिसळलेली आहे हे खरे, पण गडचिरोलीच्या सरासरीतही देसाईगंज, आरमोरीकडील दाट भाग मिसळलेला आहे. भामरागड-एटापल्लीत घनता याहून खूप कमी आहे. शिवाय माणूस सरळ रेषेत चालत नाही. मध्ये नाला असतो, टेकडी असते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे, हे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येते. एका उपकेंद्रामागे या घनतेने ४० चौरस किलोमीटरांचा मुलूख येतो आणि तो एका आरोग्यसेविकेने पायी फिरायचा असतो.

म्हणजे निकष सर्वांना सारखा लावला, त्यात सवलतही दिली, सगळी केंद्रे बांधली आणि सगळी पदे भरली, तरीही दूरच्या पाड्याला मिळणारी सेवा कमीच राहील. निकष लोकसंख्येऐवजी वेळेचा हवा: सर्वांत दूरच्या घरातून, पावसाळ्यात, रुग्णाला घेऊन किती वेळात पोहोचता येते.

या वेळेचा अर्थ मला माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कळला. ऑगस्ट महिना होता. दुपारी दोनच्या सुमारास चार माणसे एका बाईला बांबूच्या झोळीतून घेऊन आली. पहाटे ती घरी बाळंत झाली होती, वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हते. झोळीची चादर कमरेखाली इतकी भिजली होती की खाली फरशीवर थेंब पडत होते. मागून सासू बाळाला लुगड्याच्या पदरात गुंडाळून चालत आली होती. तो पदरही पावसाने ओला होता. वार काढली, सलाइन लावले, गर्भाशय आवळण्याचे इंजेक्शन दिले आणि रक्तासाठी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्याची तयारी केली. बाळाला हात लावला तर ते गार होते. आई वाचली. बाळ तिसऱ्या दिवशी गेले.

त्या गडबडीत मी नवऱ्याला विचारले होते की, इतका उशीर का केला. आरोग्यसेविकेने माझा प्रश्न पावरीत, म्हणजे तेथील आदिवासी बोलीत, सांगितला. त्याने उत्तर दिले, ते तिने मला मराठीत सांगितले: "तो म्हणतो, उजाडताच निघालो." त्याच्या उजव्या खांद्यावर बांबूचा वळ उठलेला होता. तरीही संध्याकाळी नोंदवही भरताना विलंबाच्या कारणाच्या रकान्यात मी "कुटुंबाने उशिरा आणले" असे लिहिले. वरच्या कार्यालयात गेल्यावर ही नोंद "अज्ञान" या सदरात मोजली गेली. ते मला पुढच्या मासिक बैठकीत कळले आणि तेव्हा मान वर करवेना. पावसाळा संपल्यावर मी त्या पाड्यावर गेलो. कोरडी वाट, पाठीवर फक्त एक पिशवी, तरी मला चार तास दहा मिनिटे लागली.

मातामृत्यूंच्या अभ्यासात तीन विलंबांची मांडणी १९९४ पासून रूढ आहे: घरी निर्णय घेण्यातला, वाटेतला आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. आपल्याकडील चौकशीत पहिल्या विलंबाचा रकाना फार पटकन भरला जातो, कारण त्याची जबाबदारी घरच्यांवर टाकता येते. प्रत्यक्षात तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. मागच्या वर्षी शेजारची बाई पाच तास वाहून नेली आणि तेथे डॉक्टर नव्हता, हे ज्या कुटुंबाने पाहिले आहे, ते यंदा भगताकडे थांबते. त्या निर्णयाला अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या माहितीप्रमाणे तो विचार करून घेतलेला असतो. भाषेचाही भाग आहे. पावरी, भिलोरी, कोरकू, माडिया बोलणाऱ्या स्त्रीला मराठीतील भित्तिपत्रक वाचता येत नाही आणि डॉक्टरचे प्रश्न समजत नाहीत. तिने मान हलवली की आपण "सल्ला दिला" अशी नोंद करतो.

डॉक्टरांच्या कमतरतेबद्दल. ती आहे, आणि विशेषतः ग्रामीण रुग्णालयातील स्त्रीरोग, बालरोग आणि भूल या तीन तज्ज्ञांची आहे. यांतील एक जरी नसला तरी सिझेरियन होत नाही आणि रुग्ण पुढे पाठवला जातो. बंधपत्रित डॉक्टर, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याची लेखी हमी दिलेला, वर्षभरासाठी येतो. त्याला वाटा, भाषा आणि माणसे ओळखीची होईपर्यंत त्याचे वर्ष संपते. नंदुरबार आणि गडचिरोली येथे अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्याचा उपयोग होईल; मात्र तेथे शिकलेली मुले तेथेच राहतील की नाही, हे त्या मुलांतील किती स्थानिक आहेत यावर बरेच अवलंबून राहील.

पण डॉक्टर येईपर्यंत काही करता येत नाही, असे मात्र नाही, आणि याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत उभी केली. थोडे शिकलेल्या गावातल्याच स्त्रीला बाळाचे वजन घेणे, अंग तपासणे, श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले, तर शेजारच्या तुलनेच्या गावांत ते जवळजवळ होते तेथेच राहिले. अशा स्त्रीच्या हाती इंजेक्शन देण्यावरून तेव्हा वैद्यकीय वर्तुळात मोठा वाद झाला होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडमध्ये गावातील स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या करून हाच मार्ग त्याआधी दाखवला होता. २०११ पासून नवजात बाळाची घरी भेट देऊन काळजी हा देशभर आशाताईंच्या कामाचा भाग झाला. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती घरी जाते; घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही.

प्रशिक्षणात मी या भेटीतला एकच भाग सर्वांत जास्त वेळ करून घेतो, तो म्हणजे श्वास मोजणे. बाळ शांत असताना, पोट उघडे ठेवून, पूर्ण एक मिनिट. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करायचे नाही, कारण नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो. साठ किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा एकदा मोजायचे. दुसऱ्यांदाही साठ भरला तर बाळाला दवाखान्यात न्यायला थांबायचे नाही. पुण्याच्या प्रशिक्षण वर्गात हे एका मिनिटाचे काम आहे. पाड्यावर त्या एका मिनिटावर पाच तासांची पायपीट करायची की नाही हे ठरते, आणि म्हणून तेथील आशाताईकडे सेकंदकाटा असलेले चालू घड्याळ, झोळीकाटा आणि थर्मामीटर आहे की नाही, हे मी इमारतीच्या रंगरंगोटीआधी विचारतो.

वेळ कमी करण्याचा दुसरा उपाय म्हणजे माणसाला आधीच जवळ आणणे. आदिवासी भागातील आरोग्य केंद्रांच्या आवारातील 'माहेरघर' त्यासाठी आहे: दिवस भरत आलेली गरोदर स्त्री काही दिवस आधी येऊन तेथे राहते, सोबत घरचे माणूस राहते आणि बुडीत मजुरी मिळते. ही कल्पना मला मनापासून आवडते. पण घरी दोन लहान मुले, गुरे आणि भाताची लावणी सोडून ती येईल का, हा प्रश्न मजुरीच्या रकमेने पूर्ण सुटत नाही. जेथे मोठ्या मुलांना सोबत आणू दिले आणि त्यांच्याच पद्धतीचे जेवण करू दिले, तेथे खोल्या भरलेल्या मी पाहिल्या आहेत. जेथे नियमावर बोट ठेवले, तेथे त्या खोल्यांत औषधांचे रिकामे खोके रचलेले पाहिले.

विमा योजनांबद्दल थोडक्यात. राज्याची जीवनदायी योजना, जी आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत गडचिरोली होता, ही चांगली गोष्ट होती. तरीही विमा खर्चाची हमी देतो, रुग्णालय देत नाही. शस्त्रक्रिया जेथे होते तेथेच पैसा जातो, म्हणजे नागपूर, नाशिक, पुण्याकडे. दूरच्या जिल्ह्यातील कुटुंबाला प्रवास, राहणे आणि बुडालेले दिवस यांचा खर्च उरतोच.

प्रदेशांची तुलना करताना ते एकमेकांपासून सुटे आहेत असे धरले जाते, याकडेही आपले लक्ष वेधतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात येतात. त्यांत पुणे जिल्ह्यातील कारखानेही आहेत. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एक दिवसाचा खाडा झाला तर दंड. ताडपत्रीच्या कोपीत पाणी नाही, संडास नाही, मासिक पाळीत विश्रांती नाही. २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या सरकारी सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली, आणि त्यांतील कितीतरी ऐन तिशी-चाळिशीतल्या होत्या. आकडेवारीत हे बीडचे आरोग्य म्हणून दिसते. ते शरीर झिजते मात्र दुसऱ्या जिल्ह्याच्या उसाच्या फडात, आणि त्या सहा महिन्यांत त्या स्त्रीची गरोदर म्हणून नोंद ना गावच्या उपकेंद्रात असते, ना फडाजवळच्या. सातपुड्यातून गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांचे हेच आहे. अंगणवाडीच्या वजनाच्या वहीत त्या मुलांसमोर "स्थलांतरित" असा शेरा असतो, आणि सर्वांत हडकुळी मुले बहुधा त्याच शेऱ्याखाली असतात.

पुण्यात बसून हा विषय अभ्यासणाऱ्याने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीचा १९८४ चा अहवाल वाचलाच पाहिजे. प्रादेशिक असमतोलासाठी 'अनुशेष' हा शब्द त्याने राज्याच्या राजकारणात कायमचा रुजवला. राज्याच्या सरासरीच्या खाली असलेल्या जिल्ह्याला सरासरीपर्यंत आणण्यासाठी किती खर्च लागेल, हे रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत मोजण्याचे ते धाडस होते आणि त्या काळाच्या मानाने ते फार मोठे काम होते. पण आरोग्याचा अनुशेष सोयींच्या संख्येवरून मोजला गेला, आणि त्यानंतरही आपण बहुतेक तसाच मोजत आलो: खाटा, केंद्रे, इमारती. बांधून झालेले केंद्र, त्यात राहत असलेली परिचारिका आणि पावसाळ्यात तेथे पोहोचू शकणारी बाळंतीण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुशेषाच्या तक्त्यात पहिलीच दिसते. शिवाय एकक जिल्हा होता. याच असमतोलावर नेमलेल्या डॉ. विजय केळकर यांच्या समितीने २०१३ च्या अहवालात तालुक्यापर्यंत खाली यावे असे सुचवले, ते मला अधिक पटते.

एकक खाली आणले की पुणे जिल्हाही एकसंध राहत नाही. आंबेगाव, जुन्नर, खेडच्या पश्चिमेकडील महादेव कोळी आणि ठाकर वाड्या, राजगड-मुळशीतील कातकरी वस्त्या यांचे आरोग्य जिल्ह्याच्या सरासरीत विरघळून जाते. शहरातही तेच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया बारे या, मज्जातंतूंवर आघात करून हातपाय दुबळे करणाऱ्या, आजाराचा उद्रेक झाला आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. पुण्याजवळची नांदेड, किरकटवाडी ही महापालिकेच्या हद्दीत नव्याने आलेली गावे त्याच्या केंद्रस्थानी होती. तेथे विहिरीचे पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता, केवळ क्लोरीन मिसळून घरोघरी जात होते. राष्ट्रीय विषाणू संस्था ज्या शहरात आहे त्याच शहरात, काही किलोमीटरवर, पिण्याच्या पाण्याच्या दोन पातळ्या होत्या.

आता आकड्यांविषयी, कारण प्रबंधाचे बरेवाईट त्यावर ठरेल. एसआरएस राज्यांचे विश्वासार्ह दर देते, जिल्ह्यांचे देत नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्याचे कुपोषण, लसीकरण, बाळंतपणे सांगते, पण जिल्ह्यातील नमुना मृत्यूदर काढण्याइतका मोठा नसतो. उरतात त्या शासकीय मासिक अहवालांतील नोंदी, आणि त्या जपून वापराव्या लागतात. पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे जन्म एका तालुक्यात आणि मृत्यू दुसऱ्या तालुक्यात नोंदला जातो किंवा कोठेच नोंदला जात नाही. जन्मल्यावर एकदा रडून गेलेले बाळ "उपजत मृत" म्हणून लिहिले जाते आणि अर्भक मृत्यूंतून वगळले जाते. म्हणून उपजत मृत्यू आणि पहिल्या आठवड्यातील मृत्यू एकत्र मोजावेत, म्हणजे ही पळवाट बंद होते. संख्याही लहान असतात. वीस हजार लोकसंख्येच्या केंद्रात वर्षाला समजा चारशे जन्म झाले, तर हजारी १६ दराने सहा-सात मृत्यू होतात आणि हजारी ४० दराने सोळा. या दोहोंतला फरक वर्षाला नऊ-दहा मुलांचा आहे. एखाद्या वर्षी गोवराची साथ आली किंवा दोन नोंदी राहिल्या, तर दर लगेच उलटसुलट होतो. तीन ते पाच वर्षांची बेरीज घेतल्याशिवाय कोणत्याही केंद्राला चांगले वा वाईट ठरवू नये. ज्या केंद्रात दर अचानक शून्यावर आला असेल, तेथे मी आनंद मानण्याआधी जन्मनोंदणी तपासतो.

"गेल्या पंधरा दिवसांत आजारी होता का" या प्रश्नाच्या उत्तरांवर प्रदेशांची तुलना तर मुळीच करू नये. प्रा. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की, अशा सर्वेक्षणांत केरळात आजारपण सर्वांत जास्त आणि बिहारमध्ये कमी दिसते, कारण शिकलेला आणि दवाखाना जवळ असलेला माणूस आपला आजार ओळखतो व सांगतो. माझ्या केंद्रातील बायका पायांना सूज, धाप आणि डोळ्यांपुढे अंधारी याला आजार म्हणत नसत. सगळ्यांनाच होते, असे म्हणत. हिमोग्लोबिन तपासले की सहा, साडेसहा निघे.

म्हणून आपल्या प्रबंधासाठी माझा सल्ला असा की, दोन तालुके निवडावेत, प्रत्येकी दोन आरोग्य केंद्रे घ्यावीत आणि त्यांतील प्रत्येक गावाची, वाडीची, पाड्याची यादी करावी. ग्रामपंचायतीच्या यादीत न सापडणारे पाडे आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना विचारून जोडावेत; असे पाडे निघतातच. प्रत्येक पाड्यापासून सिझेरियन आणि रक्त मिळू शकेल अशा सर्वांत जवळच्या ठिकाणापर्यंतचा वेळ मोजावा, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये. मग पाच वर्षांतील जन्म, उपजत मृत्यू आणि बालमृत्यू त्या वेळेपुढे मांडावेत. ऑगस्टमधली मोजणी गाडीत बसून करू नये. सोबत स्थानिक भाषा बोलणारी आशाताई घ्यावी, तिला त्या दिवसाची मजुरी द्यावी, आणि निघाल्याची व पोहोचल्याची वेळ तिच्याकडूनच लिहून घ्यावी.